पुठ्ठ्याचं यंत्र

"हात दाखव."

टायपिंगच्या वर्गात सरांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. नाव नंतर विचारलं. मी दोन्ही हात पुढे केले. सर खुर्चीतून थोडे पुढे वाकले, हाताला न शिवता वास घेतला आणि त्यांना ठसका लागला. खरा होता की खोटा, मला अजून सांगता येत नाही. पण बाकीच्या सातही जणांनी तोंडाला रुमाल लावले.

"मिरचीचे हात आहेत हे," सर म्हणाले. "हे माझ्या यंत्रावर चालणार नाहीत. कळा खराब होतात. पुढच्याचे डोळे जातात."

मी खाली जाऊन राखेनं हात घासून आले. सरांनी पुन्हा वास घेतला, पुन्हा मान हलवली. मग टेबलाच्या खणातून एक पुठ्ठा काढला. त्यावर शाईनं कळांचे गोल काढलेले होते. चार ओळी, प्रत्येक गोलात एक अक्षर. तो माझ्याकडे टाकला.

"यावर सराव कर. यंत्राला हात लावायचा नाही."

नंदुरबारला टायपिंगचा तो एकच वर्ग. कापडाच्या दुकानावरची खोली, अरुंद लाकडी जिना, वर सहा यंत्रं. पाच इंग्रजी, एक मराठी. राज्य मराठी झालं होतं. कचेऱ्यांत मराठी टाइप करणारी माणसं हवी होती आणि मिळत नव्हती. ज्यांना इंग्रजी टायपिंग येत होतं तेही कळा नव्यानं शिकत होते, कारण मराठीच्या कळांची भाषाच वेगळी. मी सातवी फायनल पास होते. सरकारी परीक्षा पास झाले तर मामलेदार कचेरीत बसता येईल आणि पथारीवर पुन्हा पाय ठेवावा लागणार नाही, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मैदान. गावाबाहेर, नजर पोचेल तिथपर्यंत लाल. माय आणि मी तिथे मिरचीचे देठ खुडायचो. सकाळी बसायच्या आधी बाया हाताला भुईमुगाचं तेल चोळतात, म्हणजे आग कमी होते. कमी होते, थांबत नाही. मिरचीवाल्या बाईनं झोपेत डोळ्याला हात लावला तर ती रडत उठते. बाप लहानपणीच गेला होता. माझ्या आठवणीत घर म्हणजे माय, मी आणि खोकला.

सरांनी जातीचा शब्द कधी काढला नाही. मिरचीचाच काढला. आम्ही बौद्ध झालो त्याला फार वर्षं झालेली नाहीत. आमची वस्ती रेल्वे रुळाच्या पलीकडे, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण त्याच वर्गात आमच्या पथारीच्या शेठची मुलगी यायची. तिच्या घरात मिरचीच मिरची. ओसरीत पोती, अंगणात पोती, तिच्या केसांनासुद्धा तो वास. तिचे हात कोणी बघितले नाहीत. ती पहिल्या दिवसापासून मराठी यंत्रावर बसली.

मी पुठ्ठ्यावर बसले. फी मात्र सगळ्यांएवढीच.

सात महिने. रोज संध्याकाळी पथारीवरून सुटून जिना चढायचा, कोपऱ्यात बाकावर बसायचं, मांडीवर पुठ्ठा घ्यायचा आणि बोटं आपटायची. बाकीच्यांच्या यंत्रांचा खडखडाट, ओळ संपली की टिंग. माझ्या पुठ्ठ्याचा थप थप आवाज. शेठची मुलगी वाईट नव्हती. एकदा तिनं मला खुणेनं बोलावलं, ये, दोन ओळी मार. मी उठले. सरांनी नुसतं वर बघितलं. ती पुन्हा कळा मारू लागली आणि मी बसले. बसले, याचा मला अजून राग येतो.

माय म्हणायची, "पुठ्ठावर बोटं नाचाडीसन काय भेटी तुले?"

पण बोटांना कळा पाठ झाल्या होत्या. डोळे मिटून कुठलंही अक्षर सापडायचं. वेग आला होता. वेग कशाचा, ते मलाही माहीत नव्हतं.

परीक्षा धुळ्याला व्हायची आणि जो तो आपलं यंत्र घेऊन जायचा. वर्गातली मुलं सरांची यंत्रं भाड्यानं नेत. मराठी यंत्र एकच, आणि ते कोणाला जाणार हे सांगायची गरज नव्हती. मी तरी विचारलं. सर म्हणाले, पुठ्ठा घेऊन जा. वर्ग हसला. सरही हसले, आपण विनोद केला म्हणून.

त्या दिवशी जिना उतरताना मी ठरवलं, यंत्र आपलं पाहिजे.

भाव करणं मला येतं. पथारीवर काटा धरणाऱ्या माणसाच्या बोटाकडे सगळ्यात आधी माझं लक्ष जायचं, म्हणून पंधराव्या वर्षापासून बायांच्या वतीनं मीच बोलायचे. शेठच्या मुनीमाच्या खोलीत एक टाइपरायटर पडून होता. इंग्रजी. वर गोणपाट, आत उंदरांचं घरटं. मिरचीच्या ऐन हंगामात बाया मिळेनाशा होतात, एका पथारीवरच्या बाया दुसरा पळवतो. त्या आठवड्यात मी शेठकडे गेले. म्हटलं, माझ्या बारा बाया हंगामभर इथून हलणार नाहीत. मला ते यंत्र द्या.

"इंग्रजी येते का तुला?" शेठनं विचारलं.

"नाही."

"मग काय लोणचं घालशील त्याचं?"

"माझं मी बघीन. बाया पाहिजेत की नाही ते बोला."

यंत्र मिळालं. बारा बायांनी हंगामभर शब्द पाळला, कारण तो मी त्यांना विचारून दिला होता.

इंग्रजी यंत्रावर मराठी अक्षरं बसवून देणारा एक म्हातारा कारागीर सुरतेला आहे, असं स्टेशनवरच्या हमालानं सांगितलं होतं. दोन हंगामांची साठवण लुगड्याच्या पदराला बांधून, यंत्र गोणपाटात घालून मी एकटी सुरतेला गेले. कारागीर डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्यानं यंत्र बघितलं, दोन दांड्या वर-खाली केल्या आणि म्हणाला, "बेन, दो भाव है. अक्षर बदलने का एक. पूरा मराठी करने का दूसरा."

दुसरा भाव पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट.

मी विचारलं, अक्षरं बदलली की झालं ना मराठी? पूरा म्हणजे आणखी काय? तो म्हणाला, मात्रांचं काम निराळं असतं. मला वाटलं, आला वळणावर. काटा दाबणारं बोट मी ओळखते. मात्रा म्हणजेसुद्धा अक्षरच की, ती डाग देऊन बसव, झालं. मी पहिल्या भावावर अडून बसले आणि तोही आणखी खाली आणला. त्यानं खांदे उडवले. "बाद में बोलना मत, बेन."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून हसत होते. मला वाटत होतं, आज सुरतेचा कारागीर मी गुंडाळला.

घरी येऊन कागद घातला. डोळे मिटले. पुठ्ठ्यावर सात महिने मारलेलं मायचं नाव मारलं. डोळे उघडले तर नाव सुटं सुटं पडलेलं. अक्षर एका जागी, उकार पुढच्या जागी. अनुस्वार कोणाच्याच डोक्यावर नाही, मधल्या मोकळ्या जागेवर टांगलेला. प्रत्येक कळेला कागद धरणारी गाडी एक घर पुढे सरकत होती. मात्रेलाही सरकत होती. मग मात्रा अक्षराच्या जागी येणार कशी?

मी पुन्हा मारलं. हळू मारलं, जोरात मारलं. चार दिवस हेच. गाडी हातानं मागे ढकलून एकेक मात्रा जागेवर आणली तर एक ओळ व्हायला पथारीवरचं अर्धं पोतं खुडून झालं असतं. मला वाटलं, जुनं यंत्र आहे, कुठेतरी अडकतंय. कळ नीट परत येत नाही म्हणून असं होत असेल. मायला सांगितलं. तिनं तेलाची वाटी आणली.

"आपला हात तेलघाई वळतस," ती म्हणाली. "हाई बी वळी."

आम्ही दोघींनी मिळून यंत्राला भुईमुगाचं तेल पाजलं. दांड्यांना, सांध्यांना, स्प्रिंगांना. माय बोटानं चोळत होती, पथारीवर बसायच्या आधी स्वतःच्या हातांना चोळायची तसं. दोन दिवस यंत्र लोण्यासारखं चाललं. मात्रा तशाच सुट्या, पण चाललं. मग त्या तेलावर घरातली धूळ बसली, मिरचीची पूड बसली, आणि सगळं चिकटलं. दांडी वर जायची आणि वरच राहायची. एक सोडवली की दुसरी. शेवटी गाडीसुद्धा हलेना.

मी यंत्रावर थापड मारली. मग मायवर ओरडले. तिनं वाटी उचलली आणि चुलीकडे गेली. त्या ओरडण्याची लाज मला आहे. तिनं जे तिच्याजवळ होतं ते दिलं होतं.

परीक्षेला दीड महिना उरला होता. विचारायला गावात एकच माणूस. मी यंत्र डोक्यावर घेतलं आणि सरांचा जिना चढले. मारलेला कागदही सोबत नेला.

सर्वांनी हात थांबवले. सरांनी यंत्रावर एक बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. "फोडणी घातलीस की काय याला?"

वर्ग हसला. शेठची मुलगीही हसली. मग सरांनी माझा कागद घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागले. जसा पडला होता तसा. उकार वेगळा, अक्षर वेगळं, मध्ये थांबत, अडखळत. माझ्या मायचं नाव त्यांनी तसं वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "बघा. यंत्रसुद्धा यांच्यासारखंच बोलायला लागलं."

आम्ही घरी अहिराणी बोलतो. कचेरीत, वर्गात बोलताना जीभ सांभाळून बोलतो आणि तरी कुठेतरी शब्द निसटतो. तेव्हाही असेच हसतात. मी हे आधी पुष्कळदा ऐकलं होतं. आज मायच्या नावावर ऐकलं.

मी विचारलं, "असं का होतं, तेवढं सांगा."

सरांना चेव आला होता. ते मराठी यंत्राकडे गेले, शेठच्या मुलीला बाजूला केलं आणि उकाराची कळ मारली. कागदावर उकार उमटला. गाडी जागची हलली नाही. मग त्यांनी अक्षर मारलं. ते बरोबर उकाराच्या वर बसलं आणि तेव्हा गाडी पुढे गेली.

"मात्रेची कळ मेलेली असते," ते म्हणाले. "तिनं गाडी सरकत नाही. आधी मात्रा, मग अक्षर. पहिल्या दिवशी शिकवतो मी हे. यांना सगळ्यांना माहीत आहे."

"मला नाही शिकवलं."

"तुला पुठ्ठा दिला होता ना."

हे ते सहज बोलले. रागानं नाही. मला तिथल्या तिथे सगळा हिशोब लागला. पुठ्ठ्याची गाडी सरकत नाही. पुठ्ठ्यावर सगळ्याच कळा मेलेल्या. सात महिने मी जे शिकले त्यात ही एक गोष्ट नव्हती, आणि ती नव्हती म्हणून सुरतेला मी खऱ्या माणसाला लबाड समजले आणि स्वतःच्या हुशारीवर हसत घरी आले. मला गुंडाळलं होतं ते सुरतेला नाही. या खोलीत, पहिल्या दिवशी, हात पुढे करायला लावून.

सर आता मवाळ झाले. म्हणाले, यंत्र इथे ठेव, मी दुरुस्त करून घेतो, वर्गातच राहू दे. दुपारी कोणी नसताना तुला बसायला देईन. हात धुऊन ये म्हणजे झालं. आणि येतेस तशी खोलीपण झाडत जा. असं म्हणत त्यांनी माझ्या यंत्राकडे हात नेला.

त्या क्षणी माझी सांभाळलेली मराठी गेली.

"हात नका लावू," मी म्हणाले. "यंत्र मन्हं शे."

त्यांचा हात हवेत राहिला. कोणी हसलं नाही. मी यंत्र डोक्यावर घेतलं. जिना उतरले. बाकावरचा पुठ्ठाही मी उचलून आणला होता. त्याची फी मी सात महिने भरली होती.

घरी यंत्र उलटं केलं. आतापर्यंत मी ते फक्त वरून बघितलं होतं, कळांच्या बाजूनं. रॉकेल घेऊन, चिंध्यांनी एकेक दांडी धुतली. मायनं तेल पुसायला हात लावला, तेव्हा मी तिला म्हटलं, चूक तुझी नव्हती. ती म्हणाली, "माले ठाऊक शे." आणि पुसत राहिली.

मग मी पोटात बघत बसले. पथारीला चार दिवस गेले नाही. एक कळ दाबायची आणि बघायचं काय हलतं. प्रत्येक दांडीच्या बुडाला एक छोटा उंचवटा होता. दांडी वर उठली की तो उंचवटा एका वाकड्या पट्टीला ढकलायचा आणि ती पट्टी गाडीला एक घर सोडायची. मी पट्टी बोटानं धरून ठेवली आणि कळ मारली. अक्षर उमटलं. गाडी हलली नाही.

म्हणजे मात्रेच्या दांडीनं त्या पट्टीला शिवायचंच नाही.

सायकलवाल्याकडून बारीक कानस आणली. मात्रांच्या दांड्या ओळखायला प्रत्येकीला सुतळीचा धागा बांधला. उकार, दीर्घ उकार, वरची मात्रा, अनुस्वार, रफार. एकेकीचा उंचवटा घासून काढला. तीन झाल्या, गाडी तीन कळांना जागेवर थांबायला लागली, आणि मी घाईला आले. एक धागा घसरून शेजारच्या दांडीवर गेलेला मी बघितला नाही. घासून झाल्यावर कळलं, ती दांडी र ची होती.

आता र मारला की गाडी हलत नाही. पुढचं अक्षर त्याच्यावरच बसतं. प्रत्येक र नंतर मोकळी जागा सोडायची लांब पट्टी दाबावी लागते. मायचं नाव मारलं, आधी मात्रा, मग अक्षर. त्यात र नाही. ते पहिल्यांदा सरळ, एकसंध आलं. मायला वाचता येत नाही. तिनं कागद हातात घेऊन नुसता बघितला आणि विचारलं, "हाई मी शे?"

मी धुळ्याला गेले. एसटीत यंत्र मांडीवर. परीक्षेचा उतारा सरकारी होता, आणि सरकार या एका शब्दात र दोनदा येतो. अर्जदार, कारकून, मंजूर, पत्रव्यवहार. प्रत्येक ठिकाणी माझा अंगठा जास्तीचा पडायचा. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा अजून पाव पान उरलं होतं. मी नापास झाले.

सर बाहेर उभे होते, आपली यंत्रं मोजून घेत. मला म्हणाले, "पुठ्ठ्यावर वेग चांगला होता तुझा."

तोंडाशी आलेलं गिळलं, कारण ते एका वाक्यात संपलं असतं आणि मला ते एका वाक्यात संपवायचं नव्हतं.

या वर्षीचा हंगाम संपल्यावर मी पुन्हा सुरतेला गेले. कारागिरानं मला ओळखलं. हसला नाही. यंत्र उलटं करून माझं काम बघितलं, घासलेल्या दांड्यांवरून नख फिरवलं, र च्या दांडीवर थांबला. मी सांगितलं, जो भाव असेल तो पूर्ण घ्या, कमी करा म्हणणार नाही. पण एक अट. काम माझ्यासमोर करायचं आणि काय करता ते सांगत करायचं.

तो म्हणाला, "बेन, सब चाबी देखते हैं. पेट कोई नहीं देखता." आणि त्यानं बाजूचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी दिवसभर तिथे बसले. त्यानं र ला नवा उंचवटा डाग देऊन बसवला. बुटाच्या नाडीएवढी स्प्रिंग कशी बदलायची ते शिकवलं. तेल कुठलं घालायचं आणि कुठे अजिबात घालायचं नाही तेही. कानस माझ्या हातात दिली. माझे हात कसले आहेत ते विचारलं नाही.

हे सगळं मी त्याच यंत्रावर लिहिते आहे. र सरकतो. परीक्षा तीन महिन्यांवर आहे. पास झाले तरी आणि पुन्हा नापास झाले तरी मी थांबणार नाही, आणि तो जिना कधी काही मागायला चढणार नाही.

पुठ्ठा मी जपून ठेवला आहे. माझ्या बोटांनी त्यावरची निम्मी अक्षरं पुसली आहेत. परवा कळलं, सरांनी नवा पुठ्ठा काढला आहे. पथारीवरच्याच एका पोरीला दिला आहे, तिचेही हात बघून. आज संध्याकाळी मी तिच्या घरी जाणार आहे, यंत्र डोक्यावर घेऊन. तिच्यासमोर ते उलटं ठेवीन. आधी पोट दाखवीन, मग कळा. आणि हात धुऊन ये, असं म्हणणार नाही.